अठरा महिन्यांचा शब्द

इंदापूर, जुलै २०२५

साहेब,

आडसाली लागणीचे दिवस आहेत. सऱ्या सोडून झाल्यात, बेण्याचा प्लॉट ठरलाय, रान वाफशावर यायची तेवढी वाट बघतोय. मे महिन्यात अवकाळीनं बारामती-इंदापूरला असं झोडपलं की नीरा डावा कालवाच फुटला. त्याची तक्रार तुमच्याकडे करत नाही. पावसानं मला कधी काही कबूल केलं नव्हतं.

तुम्ही केलं होतं.

आज लावलेला ऊस तुटायला सोळा ते अठरा महिने लागतात, हे दिल्लीत बसूनही तुम्हाला ठाऊक असणार. लागणीआधी मला एवढंच विचारायचंय: तेवढे दिवस तुमचा शब्द टिकेल का?

भावासाठी भांडून झालंय. २०११ ला बारामतीत आणि २०१२ ला इंदापुरात ऊसदराचं आंदोलन पेटलं, तेव्हा रस्त्यावर बसलेल्यांत मीही होतो. तेव्हा निदान समोर कोण आहे ते दिसायचं. आता एक कागद निघतो, त्याखाली सही असते आणि आमचा दोन वर्षांचा हिशेब फिरतो. त्या कागदाशी भांडायचं कसं? म्हणून हे पत्र.

७ डिसेंबर २०२३ ही तारीख तुम्हाला सांगायला नको. त्या एका दिवशी तुम्ही दोन कागद काढलेत. एकानं उसाचा रस आणि सिरप यांपासून इथेनॉल करायला मनाई केली. दुसऱ्यानं कांद्याची निर्यात बंद केली.

त्या दिवशी माझ्या रानात ऊसतोड टोळी होती. दिवस कलला होता, ट्रॉली भरत आली होती. चिटबॉय पावती फाडता फाडता मोबाइलकडे बघून म्हणाला, "तात्या, रसाचं बंद केलं म्हणं दिल्लीनं." वाढ्याची पेंढी बांधणाऱ्या बाईनं हात थांबवला. "मग आमची तोड बंद व्हायची का, दादा?" मी म्हटलं, "नाही बाई, तोड चालूच राहील." ती पुन्हा पेंढी आवळायला लागली. सही झाली दिल्लीत आणि पहिला घोर लागला तो बीडहून आलेल्या त्या कोयत्याला. साहेब, त्या बाईला मी जे उत्तर दिलं, ते कुणाच्या भरवशावर दिलं असेन?

तो ऊस मी जुलै २०२२ मध्ये लावला होता. तेव्हा तुम्ही काय म्हणत होतात, आठवतं?

त्याच वर्षी मे महिन्यात तुमच्या मंत्रिमंडळानं पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे २०२५-२६ वर आणलं होतं. त्याआधी २०१८ च्या जैवइंधन धोरणात रसापासून इथेनॉल करायला तुम्हीच वाट करून दिलीत. आसवनी उभी करा, वाढवा, कर्जाच्या व्याजाचा भार आम्ही उचलतो, असं म्हणालात. नुसत्या साखरेवर अवलंबून राहू नका, शेतकरी आता ऊर्जादाता होणार, हे भाषण किती वेळा ऐकवलंत?

आम्ही ऐकलं. कारखान्यांनी कर्जं काढली. कारखाना म्हणजे कोण, साहेब? आमचे शेअर्स, आमच्या बिलातून कापलेल्या परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवी. बिनपरतीची ठेव! हा शब्द आमच्याकडे रोजच्या वापरातला आहे. ठेव म्हणायची आणि परत मागायची नाही. तुमच्यावर ठेवलेला विश्वासही त्याच खात्यात जमा झाला का?

इथेनॉलचं वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होतं. गाळपही त्याच सुमाराला. करार झालेले, बॉयलर पेटलेले, गाळप सुरू झालेलं, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुम्ही नियम बदललात. आठवडाभरात ओरड झाली तेव्हा १७ लाख टन साखरेपुरती वाट सोडलीत. पुरती बंदी उठवलीत ती ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस. तोवर माझा ऊस तुटून, गाळून, त्याच्या खोडव्याला पाणी देऊन झालं होतं.

तुम्ही म्हणाल, दुष्काळ होता. होताच की! ३१ ऑक्टोबरला राज्यानं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात बारामती होती, इंदापूरही होतं. पुढच्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ्यात गेली आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलं. दुष्काळ आमच्याच दारात होता. मग दुष्काळात पोळलेल्या माणसाला आधार द्यायचा, की त्याच्या मालाचं दार लावून घ्यायचं?

आणि ज्या टंचाईच्या भीतीनं हे केलंत, ती कुठे गेली? महाराष्ट्रात त्या हंगामात अंदाजापेक्षा बरीच जास्त, ११० लाख टनांच्या आसपास साखर झाली. अंदाज चुकतात, मान्य. माझेही चुकतात. पण माझा चुकला तर सोसायटीचं व्याज मीच भरतो. तुमचा चुकला तरी ते मीच भरायचं, हे कुठल्या धोरणात लिहिलंय?

धोरणाचा विषय निघालाच आहे तर ऐका. ६ डिसेंबर २०१८ ला तुम्ही कृषी निर्यात धोरण मंजूर केलंत. शेतमालाची निर्यात २०२२ पर्यंत दुप्पट करू, व्यापाराचं धोरण स्थिर ठेवू, असं त्यात होतं. त्याला पाच वर्षं आणि एक दिवस झाला, त्या दिवशी कांद्याचं दार लागलं. एक दिवस, साहेब! कुणी मुद्दाम ठरवलं असतं तरी एवढं जुळून आलं नसतं.

कांद्याच्या सगळ्या तारखा मी पंचांगाला लावून बघितल्या. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार: निर्यातीवर ४० टक्के शुल्क. २८ ऑक्टोबर, पुन्हा शनिवार: टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. मग डिसेंबरची बंदी. ती ३१ मार्चला संपेल म्हणून काहींनी कांदा चाळीत धरून ठेवला, तर ती पुढे ढकललीत. आणि उठवलीत कधी? ४ मे २०२४, तोही शनिवारच. तिसऱ्या दिवशी आमच्या बारामती मतदारसंघात मतदान होतं.

मतदानाच्या तोंडावर जे दार उघडतं, ते आधीही उघडता येत होतं, एवढं आम्हाला कळणार नाही असं वाटलं का?

तेव्हाही ४० टक्के शुल्क होतंच. ते २० वर आलं सप्टेंबरात, विधानसभेच्या तोंडावर. पुरतं गेलं १ एप्रिल २०२५ ला, रब्बीचा माल बाजारात येऊन भाव बसल्यावर. म्हणजे भाव चढला की दार बंद आणि उतरला की उघडं. तेजीत आमचा हात धरता आणि मंदीत सोडून देता. मंदी सोसायची ती पुढच्या तेजीच्या आशेवर, हा शेतीचा जुना हिशेब. त्यातली तेजीच काढून घेतलीत तर मंदी कशावर सोसायची?

दुधाचं दुखणं वेगळं नाही. २०२४ च्या जूनमध्ये इथे गाईचं दूध २५-२७ रुपयांनी जात होतं. नेमकं तेव्हाच तुम्ही १०,००० टन दूध भुकटी आणि ५ लाख टन मका सवलतीच्या शुल्कात आणायला परवानगी दिलीत.

राज्यानं लिटरला ५ रुपये अनुदान दिलं. पण त्यासाठी गाईच्या कानात बिल्ला, बिल्ल्याची ऑनलाइन नोंद, नोंदीला आधार, आधारला बँक. आमच्या शेजारच्या काकूंच्या गाईचा बिल्ला बाभळीच्या काट्याला अडकून तुटला. पंधरा दिवस त्या तो पदराच्या गाठीला बांधून हिंडत होत्या, कुणी विचारलं तर दाखवायला. दूध तेच, गाय तीच. पैसे मात्र बिल्ल्याला होते. परदेशी भुकटीच्या गोणीला असं कुणी काही विचारलं का हो?

आणि मका? रसाला आवर घातलात, तेव्हा मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१.८६ रुपये केलात. मका लावा म्हणालात. रसाच्या इथेनॉलचा दर मात्र २०२२-२३ पासून ६५.६१ वरच आहे. लोकांनी मका वाढवला. मक्याला जरा भाव दिसू लागला, तर बाहेरच्या मक्याला वाट करून दिलीत. जिकडे बोट दाखवता तिकडे आम्ही जातो आणि पोचेपर्यंत तुम्ही बोट खाली घेता.

एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, वाढवलीत, हे मी नाकारत नाही. २०१८-१९ ला टनाला २,७५० होती, २०२५-२६ च्या हंगामाला ३,५५० जाहीर केलीत. फलकही लागले. पण त्या दरासाठी धरायचा साखरेचा पायाभूत उतारा साडेनऊ टक्क्यांवरून दहा आणि दहावरून सव्वादहा केलात, त्याचा फलक कुठे दिसला नाही. आणि साखरेची किमान विक्री किंमत? २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये केलीत, आज सहा वर्षं उलटली तरी तिथेच आहे. बाजारात साखर त्याहून वर विकते, ठाऊक आहे मला. पण पडत्या काळात आधार म्हणून जी रेघ ओढलीत, ती ऊस, मजुरी, डिझेल सगळं पुढे गेल्यावरही तिथेच कशी राहते? कारखान्याच्या एका हाताला वर ओढायचं, दुसरा खाली दाबून धरायचा आणि मग थकबाकी का राहते म्हणून विचारायचं!

१४ दिवसांचंही तेच. ऊस दिल्यावर १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तुमच्याच सरकारनं लिहिलं. २०२२ ला राज्य सरकारनं त्या पैशाचे दोन हप्ते केले, तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. तुमच्याच कागदावर लिहिलेलं मिळवायला आम्ही कोर्टाची पायरी चढायची, हे बरं दिसतं का?

तुमचं एक उत्तर मला पाठ आहे: ग्राहक. ग्राहक काय परका आहे? माझी धाकटी पुण्यात हडपसरला भाड्यानं राहते, तीही दुकानातूनच साखर आणते. तिला विचारलं, महिन्याला किती लागते? म्हणाली, तीन किलो. किलोला दोन रुपये वाढले तर सहा रुपये. सहा रुपयांनी तिचं घर बसणार नाही आणि बसलंच तर मी गूळ पोचवीन. पण देशातल्या साखरेपैकी निम्म्याहून जास्त घराघरांत जात नाही. थंड पेयांत, बिस्किटांत, मिठाईत जाते. त्या बाटलीचा भाव कधी अडवून धरलात?

कृषिभवनाच्या एकाच इमारतीत वर्षानुवर्षं शेतीचंही खातं बसत आलं आणि ग्राहकाचंही. जिन्यात कधी एकमेकांना भेटला नाहीत का तुम्ही?

२०१५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात आले होते. कौतुक झालं, आम्हालाही बरं वाटलं. पुढच्याच वर्षी २०२२ पर्यंत उत्पन्न दुप्पट करण्याची घोषणा झाली. २०२२ आलं आणि गेलं, तो विषय पुन्हा तुम्ही काढला नाहीत, आम्हीही संकोचानं काढला नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेनं ऊस पिकवायचे प्रयोग बारामतीत चाललेत. मोबाइल सांगतो, मुळाशी ओल किती, पाणी कधी सोडायचं. चांगलं आहे, मीही शिकेन. तुमच्या टेबलावर कुठला कागद सहीला आलाय, एवढं त्यातून कळत नाही.

मागणं फार नाही, साहेब. अनुदान नको, माफी नको. बोलायचं ते लागणीच्या आधी बोला. ऊस जमिनीत गेला की तो तुटेपर्यंत नियम हलवू नका. कांद्याचं रोप टाकताना दार जसं असेल, तसं ते काढणीपर्यंत राहू द्या. बंदच ठेवायचं असेल तर जूनमध्येच बंद आहे म्हणून सांगा. आम्ही ज्वारी पेरू, पोरांच्या तोंडी भाकरी तर पडेल. बाजारानं पाडलेला भाव आम्ही पावसासारखा सोसू. तुम्ही पाडलेला सोसवत नाही.

आत्ता बांधावर जाऊन माती मुठीत दाबून बघितली. उद्या-परवा वाफसा येईल. लागण करणार आहे मी. दर वर्षी चार एकर लावायचो, यंदा दोनच. उरलेल्या दोन एकरांत काय करायचं ते तुमच्या पुढच्या कागदावर ठरवीन.

तात्या,
एक ऊस उत्पादक सभासद