वैद्याचा केसपेपर

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या काळातले नेत्ररुग्णांचे केसपेपर जपून ठेवले आहेत. विकार कोणता, उपचार काय केले याच्या नोंदी, आणि जोडीला त्या दुखऱ्या डोळ्याचं रंगीत चित्र. राजांनी धन्वंतरी महाल काढला, निरनिराळ्या वैद्यकपद्धतींचे जाणकार एकत्र बसवले, औषधं पारखून घेतली. रोग्याचं दुखणं कागदावर नीट उतरलं पाहिजे, हा त्या दरबाराचा आग्रह.

वैद्याच्या दुखण्याचा कागद मात्र आजही कुणी होऊ देत नाही. धनत्रयोदशीच्या निमित्तानं यंदाच्या अंकाचा विशेष विभाग आजारी डॉक्टरांवर काढला. मधुमेहावर डॉक्टरांनी नावानिशी लिहिलं. नैराश्यावरचे लेख 'नाव छापू नका' या अटीवर आले. अट आम्ही पाळली आहे.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृती दलाचा २०२४चा अहवाल वाचला की ही अट समजते. पाहणीत उत्तरं देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते, आणि मदत न घेण्यामागे बभ्रा होण्याची धास्तीही होती. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. डॉक्टर रुग्ण झाला तर तो हक्क त्यालाही आहेच. पण खात्यातला वरिष्ठच मानसोपचारतज्ज्ञाचा चहाचा सोबती असेल, तर कलमावर भिस्त ठेवायची कशी? मग स्वतःच गोळ्या लिहून घ्यायच्या, नाहीतर परगावी जायचं.

लंडनमध्ये २००० साली दक्षा एम्सन या भारतीय वंशाच्या मानसोपचारतज्ज्ञ वारल्या. आपला आजार सहकाऱ्यांना कळू नये म्हणून त्या जपत होत्या. त्यांच्या मृत्यूच्या चौकशीनंतर, २००८मध्ये, तिथे डॉक्टरांसाठी वेगळी गोपनीय सेवा सुरू झाली. डॉक्टर स्वतःहून येतो. रुग्णांना धोका असेल तरच गोष्ट वैद्यकीय परिषदेच्या कानावर जाते.

रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, हे आम्हालाही मान्य. हात थरथरणाऱ्या सर्जननं थिएटरबाहेर राहावं. पण उपचार घेऊन बरा झालेला आणि आजार दडवून काम रेटणारा, यांतला कोण जास्त धोक्याचा? नोंदणीच्या नूतनीकरणात 'कधी मानसिक आजार झाला होता का' असं विचारण्यात अर्थ नाही. 'सध्या कामात अडथळा आणणारं काही आहे का' एवढं पुरे. आणि राज्य वैद्यकीय परिषदांनी शिस्तभंगाच्या खात्यापासून पूर्ण वेगळी, परिषदेला नावं न कळवणारी उपचारसेवा उभारावी. खर्च नोंदणी शुल्कातून भागवावा. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डॉक्टरांनाही खुला आहे.