अक्षरांचा उठाव

ज्याचा क्षय होत नाहीं तें अक्षर, अशी या शब्दाची व्युत्पत्ति आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. मोबाईलच्या पडद्यावर मात्र अक्षरें डोळ्यांदेखत नाहींशीं होतात, असें घरोघरच्या वडीलधाऱ्यांचें गाऱ्हाणें आहे. पांढऱ्यावर फिकट राखी अक्षर, तेंही बारीक! आजोबांनीं बँकेचा निरोप वाचण्यासाठीं नातवास हांक मारावी आणि त्यानें 'चष्मा बदला' म्हणून मोकळें व्हावें, हें नित्याचेंच झालें आहे. परंतु हा दोष सर्वस्वीं डोळ्यांचा नव्हे.

वयोमानानें डोळ्याची बाहुली लहान होते व आंतील भिंग पिवळसर पडतें. विशींतील तरुणाच्या नेत्रपटलावर जितका प्रकाश पोहोंचतो, त्याच्या सुमारें एक तृतीयांशच साठीच्या मनुष्याच्या वांट्यास येतो. चष्म्यानें अक्षर रेखीव होतें. फिकट अक्षर गडद होत नाहीं.

अक्षराच्या व पार्श्वभूमीच्या उजळपणांतील तफावतीस आपण उठाव म्हणूं. तो मोजतां येतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमांत त्याचें गणित आहे. शुभ्र पांढऱ्यावर निखळ काळें, हें प्रमाण २१ : १ होतें. सामान्य आकाराच्या मजकुरास निदान ४.५ : १ व मोठ्या अक्षरांस ३ : १ असावें, असा दंडक आहे; कडक कसोटी ७ : १ ची. पुष्कळ ठिकाणीं आवडीनें योजिलेला फिकट राखी रंग पांढऱ्यावर तिनाच्याही खालीं उतरतो, म्हणजे तो परीक्षेंत अनुत्तीर्णच.

आपल्या देवनागरींत तर अनुस्वार, रफार, मात्रा यांवर अर्थ अवलंबून असतो. एखादी बारीक रेषा पुसट झाली कीं 'घन'चें 'धन' व 'भात'ची 'मात' होते. इंग्रजी आंकड्यांतील तिनाचा आठ वाचला गेला, तर पैशांचा किंवा औषधाचा हिशेब चुकतो.

उपाय सोपे आहेत. बहुतेक मोबाईलांच्या सेटिंग्जमध्यें ॲक्सेसिबिलिटी या सदराखालीं अक्षर मोठें व ठळक करण्याची, तसेंच उठाव वाढविण्याची सोय असते. खिडकीकडे पाठ करून बसल्यास उजेड पडद्यावर परावर्तित होतो. तेव्हां बैठक बदलावी. काळ्यावर पांढरीं अक्षरें सर्वांस मानवतातच असें नाहीं. उजळ पडद्यासमोर बाहुली आकुंचित होऊन अक्षर रेखीव दिसतें. काळ्या पडद्यासमोर ती विस्फारते आणि दृष्टिवैषम्य असणाऱ्यास अक्षरांच्या कडा पसरल्यासारख्या भासतात. उलट मोतीबिंदूमुळें ज्यांचे डोळे दिपतात, त्यांस काळा पडदा सुखाचा वाटण्याचा संभव आहे. म्हणून ज्यानें त्यानें दोन्ही प्रकार अजमावून पाहावे.

या कामीं घरांतील तरुणांनीं अर्धा तास वडिलांपाशीं बसावें. व्यवहाराचा गुप्त आंकडा दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागणें यांत धोका आहे, आणि वृद्धाच्या मनास लागणारें परावलंबनही आहे. आमच्या वाचकांच्या कुटुंबांतील कित्येक मुलेंमुली असे पडदे रचण्याच्याच व्यवसायांत आहेत. त्यांस आमची एवढीच सूचना कीं, आपली कृति लोकांपुढें ठेवण्यापूर्वीं ती भर दुपारीं ओसरीवर बसलेल्या आजीच्या हातीं द्यावी. तिनें विनासायास वाचली, तर खुशाल पुढें जावें.