पिशवी फुगते म्हणून उपवास नको

शस्त्रक्रियेने आतड्याचे तोंड पोटावर काढले, की त्यास स्टोमा म्हणतात. पिशवी चारचौघांत फुगेल या धास्तीने माझे काही ज्येष्ठ रुग्ण समारंभाच्या दिवशी उपाशी राहतात. वाचकहो, हा उपाय उलटतो. रिकाम्या आतड्यात वायू आणि गुडगुड दोन्ही वाढतात. स्टोमाला गुदद्वारासारखा स्नायूंचा आवर नसतो, म्हणून वायू अडवता येत नाही. त्यात रुग्णाचा दोष नाही.

थोडे थोडे, वेळेवर, सावकाश चावून खावे. सोडा टाळावा. कोबी, वाल, हरभरा यांपैकी काय बाधते, ते एकेक करून पारखावे. पोट गच्च वाटल्यास जरा चालावे, किंवा कुशीवर निजून गुडघे पोटाशी घ्यावेत. पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करावी; टाचणीने भोक पाडू नये, त्यातून वास व मळ झिरपतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे : वायू सरतो आहे म्हणजे आतडे चालू आहे. लहान आतड्याच्या स्टोमातून 4 ते 6 तास काहीच आले नाही आणि कळा वा उलट्या सुरू झाल्या, तर रेचक न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी पिशवी रिकामी करावी आणि निःसंकोच पंगतीला बसावे.