सगळ्यांचा वाडगा

साल्सा आणि चीज डिप या दोन पदार्थांत गव्हाचं खरं तर काहीच काम नाही. तरीही इथे अमेरिकेत कुणाकडे जमलो, की ग्लूटेन न चालणाऱ्या माणसासाठी टेबलाच्या कोपऱ्यात एक वेगळी, केविलवाणी वाटी ठेवलेली असते. माझं म्हणणं साधं आहे. ती वाटी बंद करा आणि मधला मोठा वाडगाच सगळ्यांना चालेल असा करा.

विषय जिव्हाळ्याचा, कारण माझ्या भाचीला सेलिअ‍ॅक आहे. (नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगते.) ही साधी अ‍ॅलर्जी नव्हे, आणि फॅड तर नव्हेच नव्हे. गहू, बार्ली, राय यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. उपाय एकच, जन्मभराचं पथ्य. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" असं विचारणाऱ्या समस्त काकू-आत्यांसाठी एक आकडा देते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेलिअ‍ॅक असलेल्या लोकांना रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तर आतड्याला इजा झालेली दिसली. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग! आता 'थोडंसं' म्हणजे किती, ते तुम्हीच ठरवा.

साल्सा ही आपल्या कोशिंबिरीची मेक्सिकन मावसबहीण. टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. सगळं बारीक चिरून कालवायचं, दहा मिनिटांचं काम. फक्त हौसेने त्यावर फोडणी घालू नका. (हसू नका, घालणारे आहेत!) डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबीवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं, पण आपल्या स्वयंपाकघरात हिंगाची डबी कोण वाचतं?

चीज डिपची गोष्ट जरा वेगळी. ते दाट करायला पुष्कळ जण लोण्यावर मैदा परततात. त्याऐवजी पाव किलो किसलेल्या चेडरला एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर चोळा, त्यात इव्हॅपोरेटेड मिल्कचा एक डबा ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. (कंडेन्स्ड मिल्क नव्हे हं, नाहीतर बर्फी होईल.) पाच-सात मिनिटांत छान मऊ, गुठळी नसलेलं डिप तयार होतं. वर हालापेन्यो मिरची चिरून घाला. मैदा नाही हे खाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

विकत आणायचं असेल तर लेबल वाचा. इथल्या कायद्याने 2006 पासून पाकिटावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे, पण बार्लीला ती सक्ती नाही. त्यामुळे 'गहू नाही' एवढ्यावर विसंबू नये. बिअर घातलेलं चीज डिप मिळतं, त्यातली बिअर सहसा बार्लीची. 'ग्लूटेन फ्री' असं लिहिलेलं असेल तर मात्र 2014 पासून नियम आहे, की दशलक्षात 20 भागांपेक्षा कमीच ग्लूटेन असायला हवं. तो शब्द शोधावा.

एवढं सगळं करूनही घोटाळा होतो तो माणसांच्या हातांनी. एकीकडे मक्याचे चिप्स, शेजारी गव्हाचे क्रॅकर्स, आणि दोन्ही एकाच वाडग्यात बुडतात. चुरा आत पडला की संपलं. खरं म्हणजे आपल्याला हे समजायला सगळ्यात सोपं जायला हवं, कारण उष्टं-खरकटं आपण लहानपणापासून जाणतो. क्रॅकर बुडवलेला वाडगा भाचीसाठी उष्टा झाला, इतकं साधं आहे ते. म्हणून त्या टेबलावर क्रॅकर ठेवूच नयेत. चिप्स मक्याचेच आणावेत, आणि तेही हॉटेलातून नकोत. मैद्याचे टॉर्टिया तळलेल्या तेलातच बऱ्याचदा तेही तळलेले असतात.

"एकीसाठी बाकीच्यांनी का सोसायचं?" असाही प्रश्न येतो. पुरणपोळी सगळ्यांनी सोडावी असं मी कधीच म्हणणार नाही. तिथे खरंच काहीतरी सोडावं लागतं. इथे काय सोसायचंय? मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर, क्रॅकरऐवजी चिप्स. चव तीच, खर्च तोच.

आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही बघा. चौदा वर्षांची मुलगी हल्ली कुणाकडेही गेलं की दारातच सांगते, "मी जेवून आलेय." चौकशा नकोत, कोपऱ्यातली वाटी नको, सगळ्यांच्या नजरा नकोत. आपल्याकडे एखाद्याची वाटी वेगळी ठेवण्याला काय अर्थ आहे, हे मी सांगायला नको. हेतू कितीही चांगला असला तरी वेगळी वाटी ती वेगळीच.

असो. पुढच्या वेळी तुमच्याकडे जमणार असू, तर एवढंच करा. डिपचे डबे आणि चिप्सची पाकिटं फेकून देऊ नका, ओट्यावर राहू द्यात. तिला लेबल उत्तम वाचता येतं. कुणाला न विचारता वाचेल आणि हात घालेल वाडग्यात!