नौका आपली, ताफा परक्याचा



भोर-उत्रोलीच्या परिसरात पाण्याला तोटा नाही. भाटघरचा जलाशय जवळ आहे, डोंगरापलीकडे वेल्ह्यात पानशेतचा आहे. तरीही आपल्या व्यापारी कुटुंबांनी दुकान, गोदाम व जमीन यांतच भांडवल गुंतवले. नौकेत गुंतवण्याचा विचार सहसा केला नाही. आता मुंबई व गोव्याच्या किनाऱ्यावर नौकाविहाराचा व्यवसाय वाढला आहे. त्यामुळे ‘नौका तुम्ही घ्या, ती आम्ही आमच्या ताफ्यात चालवू’ असा प्रस्ताव तरुण व्यापाऱ्यापुढे आला, तर त्याने तो कसा तपासावा, हे या वेळच्या सदरात पाहू.

ही पद्धत परदेशात रुळलेली आहे. कॅरिबियन समुद्रातील ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर १९६९ साली सुरू झालेली ‘द मूरिंग्ज’ ही कंपनी या व्यवसायातील जुन्या नावांपैकी एक. नौका मालकाच्या नावावर असते. गिऱ्हाईक आणणे, खलाशी नेमणे व देखभाल ही कामे चालक करतो. मालकाला दरमहा ठरावीक रक्कम किंवा उत्पन्नाचा वाटा मिळतो, शिवाय वर्षातील काही दिवस नौका स्वतःसाठी वापरता येते.

यातील जोखीम कोणाची, हा पहिला प्रश्न. आपल्या पूर्वजांच्या काळी जोखमी हुंडी चालत असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत. जहाज बुडाले तर हुंडीही बुडे. जोखीम कोणाच्या माथी, हे कागदच सांगत असे. करारही असाच बोलका हवा. ठरावीक रक्कम असेल तर चालकाची पत पाहावी. वाटा असेल तर तो एकूण भाड्यावर की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर, हे लिहून घ्यावे. पावसाळ्यात समुद्रावरील विहार थांबतो. परंतु धक्क्याचे भाडे, विमा, रंगकाम आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून बाराही महिन्यांचा खर्च आठ महिन्यांच्या कमाईतून निघतो का, हे आधी मांडावे. नद्या व जलाशयांवरील यांत्रिक नौकांसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे. नोंदणी, तपासणीचा दाखला व विमा यांत सवलत मागू नये.

दुसरा प्रश्न आपला स्वतःचा आहे. भोगोपभोग परिमाण व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. वाहने भाड्याने देऊन उपजीविका करणे, म्हणजे भाटककर्म, त्यांपैकी एक. काळ बदलला, मालमोटारी व बसगाड्या आपल्या घरांत आल्या, तरी त्या सूचनेतील मर्म जुने झालेले नाही. भाड्याने दिलेल्या वाहनावर काय घडते, ते मालकाला दिसत नाही. आपल्या नौकेवरून कोणी गळ टाकून मासे धरले, मद्याच्या मेजवान्या झडल्या, तर ‘मी केले नाही’ एवढ्याने सुटका होते का? करणे, करविणे व अनुमोदणे या तिन्हींचा विचार करणाऱ्या श्रावकाला याचे उत्तर ठाऊक आहे. म्हणून मासेमारी, मद्य व मांसाहार यांना मनाई असल्याचे कलम करारात घालावे. ते चालकाला मान्य नसेल, तर तो व्यवहार आपला नाही.

‘अशा अटींनी गिऱ्हाईक कमी होईल,’ असे चालक म्हणेल. काही होईलही. परंतु हीच अट नौकेची ओळख होऊ शकते. कंदमूळविरहित भोजन, उकळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वी आटोपणारा विहार एवढे मिळाले, तर वृद्ध आई-वडिलांसह निघणारे कुटुंब निःशंक येईल. मावळतीचे दर्शन आणि चौविहार यांचा मेळ पाण्यावर जितका सहज बसतो, तितका अन्यत्र क्वचितच बसेल. जाहिरातीत मात्र त्याच नौकेची छायाचित्रे असावीत, प्रवासीसंख्या परवान्याप्रमाणेच सांगावी, आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट असावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ घारापुरीकडे निघालेल्या नौकेचा अपघात झाला. त्यानंतर तरी हे कोणाला वेगळे सांगावे लागू नये.

उत्तराध्ययन सूत्रातील केशी-गौतम संवादात छिद्र असलेली आणि नसलेली अशा दोन नावांचा दृष्टान्त आहे. पैलतीर गाठते ती दुसरी. तो उपदेश आत्म्यासाठी आहे. तथापि व्यापाऱ्याने करारावर सही करण्यापूर्वीही तो स्मरावा. नौकेचे छिद्र तांडेल शोधील; व्यवहारातील छिद्र मालकानेच शोधायचे असते.