चित्रपटास जावें, पण कोठें?

ठाण्याच्या एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्र लहान आहे व सरळ आहे. घरांत यजमान, त्या स्वतः, शाळेंत जाणारीं दोन मुलें आणि सासूबाई अशीं पांच माणसें. दोन महिन्यांतून एकदां सर्वांनीं मिळून मुंबईस जावें व चित्रपट पाहावा अशी त्यांची इच्छा आहे, आणि तिकिटांपुरते हजार रुपये त्या घरखर्चांतून बाजूस काढूं शकतात. मुलांना मोठा पडदा हवा, यजमानांना गर्दी सोसत नाहीं, आणि सासूबाई म्हणतात, "मला वगळा, म्हणजे तुमचा हिशेब बसेल." कोणत्या चित्रगृहांत जावें, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न संसारांतला आहे, म्हणूनच या सदरांत घेण्यासारखा आहे. कोणता चित्रपट पाहावा हें सांगणारीं माणसें गल्लोगल्लीं भेटतात. तो कोठें पाहावा याचा विचार मात्र बहुधा घराबाहेर पडल्यावर होतो. चित्रपट वाईट निघाला तर दोष द्यावयास दिग्दर्शक असतो. स्थळाची निवड चुकली तर दोष आपल्या पदरीं येतो, आणि त्याची शिक्षा घरांतल्या सर्वांत दुबळ्या माणसास भोगावी लागते.

मुंबईपुरतें बोलावयाचें, तर हा खिशाचा प्रश्न चित्रपटाइतकाच जुना आहे. सन १८९६ च्या जुलै महिन्याच्या ७ तारखेस वॉटसन्स हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं, तेव्हां प्रवेशाचा दर सरसकट एक रुपया होता. त्याच महिन्यांत हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहांत गेले, आणि तेथें लवकरच चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर ठेवण्यांत आले. पडदानशीन स्त्रिया व त्यांचीं कुटुंबें यांच्यासाठीं राखीव जागाही होत्या. सर्वांचा खिसा सारखा नसतो व सर्वांची सोयही सारखी नसते, ही गोष्ट या धंद्यास पहिल्या काहीं आठवड्यांतच उमगली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें १९१३ सालीं गिरगांवच्या कॉरोनेशनमध्यें दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, १९३१ सालीं मॅजेस्टिकमध्यें 'आलम आरा' बोलूं लागला, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत या शहरांत चित्रपटाचे राजवाडे उभे राहिले. कुलाब्याचें रीगल १९३३ सालचें, चर्चगेटचें इरॉस व धोबीतलावाचें मेट्रो १९३८ सालचें, मरीन लाइन्सचें लिबर्टी १९४९ सालचें. एकाच छपराखालीं स्वस्त जागाही असत व महाग जागाही असत. स्टॉल आणि बाल्कनी हे शब्द तेव्हांपासून आपल्या घरांतले झाले.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. स्वस्त तिकिटाची रांग निराळी असे, आणि बाल्कनीतला मनुष्य स्टॉलवाल्याच्या शिट्ट्यांना नाक मुरडीत असे. परंतु एक गोष्ट खरी: खिसा हलका झाला म्हणून माणूस घरीं राहत नसे, तो एक मजला खालीं बसे. आमच्या मातुःश्री गिरगांवांत वाढल्या व लग्नानंतर दादरास आल्या. तीर्थरूप एका कचेरींत कारकून होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत बाल्कनी आणि अखेरच्या आठवड्यांत स्टॉल, असा त्या उभयतांचा नियम होता. चित्रपट मात्र चुकत नसे.

हल्लींच्या मल्टिप्लेक्सांत हा जिना राहिलेला नाहीं. तेथें खुर्चीप्रमाणें दर थोडे बदलतात; वाराप्रमाणें व वेळेप्रमाणें पुष्कळ बदलतात. शनिवारीं सायंकाळीं एका तिकिटास साडेतीनशें रुपये पडले, तर पांच माणसांचे साडेसतराशें होतात, आणि मध्यंतरांतले मक्याचे दाणे व पेयें धरलीं तर आंकडा कोठें जाईल हें सांगावयास नको. मग घरांत मोजणी सुरू होते. मुलांना वगळतां येत नाहीं. नवराबायकोंपैकीं एकानें जावयाचें तर मजा नाहीं. उरतें कोण? ज्या माणसानें आजवर स्वतःचें पान सर्वांत शेवटीं वाढून घेतलें, तेंच माणूस पुढें येऊन म्हणतें, "मी घरीं राहतें."

याविषयीं दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वीं आमचाच अनुभव सांगितला पाहिजे. काहीं वर्षांपूर्वीं आम्हीं मातुःश्रींसह सर्व मंडळींसाठीं एका नव्या, महागड्या चित्रगृहाचीं तिकिटें काढलीं. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. चित्रगृह चौथ्या मजल्यावर होतें. सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवण्याची मातुःश्रींना भीति वाटली, आणि लिफ्ट इमारतीच्या दुसऱ्या टोकास होती. तेथपर्यंत चालून त्या दमल्या. आंत गारठा इतका कीं पदर दोनदां लपेटूनही पुरेना. खुर्ची मागें झुकणारी होती. तींतून उठावयास त्यांना आमचा हात लागला, आणि त्यांना वाट देण्यासाठीं रांगेतल्या चार माणसांना उभें राहावें लागलें. मध्यंतरांत त्या स्वच्छतागृहाकडे गेल्या, त्या परत आल्या तेव्हां चित्रपट पुन्हा सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटें झालीं होतीं. परतीच्या वाटेवर त्या "छान होता हो" एवढेंच म्हणाल्या.

पुढच्या वेळेपासून त्या नकार देऊं लागल्या. कधीं डोळे दुखत, कधीं उपास असे, कधीं कोणी भेटावयास येणार असे. आम्हीं तीं कारणें खरीं मानलीं. त्या नकारांत प्रत्येक वेळीं आमच्या एका तिकिटाचे पैसे वांचत होते, ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. ध्यानांत आली होती, आणि आम्ही गप्प बसलों होतों.

मागील वर्षीं मे महिन्यांत आमच्या कन्येनें आजीचें शेजारणीशीं चाललेलें बोलणें ऐकलें. "सिनेमा मला आवडतो ग," आजी म्हणत होती, "पण माझ्यामुळें चौघांना उठावें लागतें." मुलीनें आम्हांस काहीं विचारलें नाहीं. तिनें घराजवळच्या एका जुन्या, एकाच पडद्याच्या चित्रगृहांत चौकशी केली, बुधवारच्या सकाळच्या खेळाचीं दोन तिकिटें तळमजल्यावरचीं, वाटेलगतच्या खुर्च्यांचीं घेतलीं, आणि सुटीच्या दिवसांत आजीला घेऊन गेली. दोन तिकिटें मिळून आमच्या त्या एका तिकिटाहून कमी पैसे पडले. मातुःश्री घरीं आल्या त्या चित्रपटाची कथा सांगतच आल्या. जेवतांना त्या म्हणाल्या, "आज मला कोणास उठवावें लागलें नाहीं."

त्या दिवशीं आम्हांस उमगलें तें असें: पूर्वीं स्वस्त जागा खालच्या मजल्यावर मिळे, आतां ती आठवड्याच्या मधल्या दिवशीं सकाळीं मिळते. आणि घरांत त्या वेळीं मोकळें कोण असतें? आपण जिला खर्चामुळें मागें ठेवतों, तीच. ज्या वेळेस तिकीट स्वस्त असतें, गर्दी नसते व चढउतार करावयास अवधि असतो, ती वेळ वृद्धांचीच आहे. चुकतों तें आपण, कारण आपण आपल्या रविवारांत त्यांना कोंबूं पाहतों.

आतां प्रसंगानुसार पाहूं.

मुलांची परीक्षा संपली आहे आणि खरोखरच भव्य असें काहीं दाखवावयाचें आहे, तर वर्षांतून एकदां इरॉस गांठावें. हें चित्रगृह २०१७ सालीं बंद पडलें होतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें आयमॅक्स पडद्यासह तें पुन्हा उघडलें. ज्या इमारतीस युनेस्कोनें २०१८ सालीं मुंबईच्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तुसमूहांत जागतिक वारसा म्हणून स्थान दिलें, तिच्यांत बसून चित्रपट पाहणें हा मुलांसाठीं निराळा धडाही आहे. दर चढे आहेत. म्हणूनच वर्षांतून एकदां.

उभयतांच्या लग्नाचा वाढदिवस असेल, तर आम्ही रीगल सुचवूं. एक मोठें दालन, एक पडदा, आणि खेळ सुटल्यावर गेटवेपर्यंत पायीं जातां येतें. उंची खुर्चीवर जे पैसे जावयाचे, ते जेवणावर खर्च झाले तर दोघांचाही संतोष अधिक होईल.

मराठी चित्रपट असेल तर दादरचें प्लाझा किंवा लालबागचें भारतमाता. प्लाझाशीं व्ही. शांताराम यांचें नांव निगडित आहे. भारतमाता गिरणगांवांत वाढलें व गिरणी कामगारांच्या मुलांनीं तें आपलें मानलें. मल्टिप्लेक्सांनीं दुपारीं बारा ते रात्रीं नऊ या वेळांत मराठी चित्रपट दाखवावा असा निर्णय राज्य सरकारनें २०१५ सालीं केला. तरीही मराठी चित्रपटाचे खेळ दुसऱ्या आठवड्यांत भराभर कमी होतात, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून पाहावयाचा तर पहिल्याच आठवड्यांत पाहावा. पुढें पाहूं असें म्हणणारे प्रेक्षकच त्याचा घात करतात.

महिनाअखेर असेल, किंवा कॉलेजांतल्या मुलांनीं आपल्या पैशांनीं जावयाचें असेल, तर मुंबई सेंट्रलचें मराठा मंदिर व वांद्र्याचें गेइटी-गॅलॅक्सी आहेत. पहिलें १९५८ सालचें, दुसरें १९७२ सालचें. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हा चित्रपट १९९५ सालीं मराठा मंदिरांत लागला, त्यास तीस वर्षें झालीं तरी तेथें त्याचा खेळ अजून चालू आहे, आणि त्याचें तिकीट शंभर रुपयांच्या पुष्कळ खालीं आहे. या ठिकाणीं शिट्ट्या व टाळ्या ऐकण्याची तयारी ठेवावी. तरुणांना तोच निम्मा चित्रपट वाटतो. ज्यांना शांतता हवी त्यांनीं दुसरीकडे जावें व तरुणांना नांवें ठेवूं नयेत.

वृद्धांबरोबर जावयाचें असेल तर नांवापेक्षां पांच गोष्टी आधीं विचाराव्या: पायऱ्या किती, लिफ्ट दारापासून किती दूर, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे काय, वाटेलगतची खुर्ची मिळेल काय, आणि खेळ उजेडीं सुटतो काय. बरोबर शाल ठेवावी. ज्या चित्रगृहाचीं पांचही उत्तरें बरीं, तें चित्रगृह घराजवळचें व साधें असलें तरी उत्तम समजावें.

काहीं व्यवहाराच्या गोष्टीही सांगतों. सर्वोच्च न्यायालयानें ३ जानेवारी २०२३ रोजीं दिलेल्या निर्णयाप्रमाणें बाहेरचे खाद्यपदार्थ आंत आणण्यास चित्रगृहाचे चालक मनाई करूं शकतात. परंतु पिण्याचें पाणी विनामूल्य दिलें पाहिजे, आणि तान्ह्या मुलाचें खाणें नेण्यास हरकत घेतां येत नाहीं. तेव्हां पाण्याची बाटली विकत घेण्यापूर्वीं पाणी कोठें आहे असें निःसंकोच विचारावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तु व सेवा कर पांच टक्के आणि त्यापुढच्या तिकिटावर अठरा टक्के आहे. घरबसल्या तिकीट काढल्यास बहुधा वेगळा आकार पडतो; चित्रगृह जवळ असल्यास खिडकीवर जाऊन तो वांचवावा. आणि घरून पोटभर खाऊन निघावें. यांत कमीपणा काहींच नाहीं.

आतां ठाण्याच्या भगिनींस उत्तर. आपण सासूबाईंना वगळून हिशेब मांडूं नये. त्यांच्यापासूनच आरंभ करावा. मुलांना सुटी असेल असा आठवड्याच्या मधला दिवस निवडा, यजमानांना त्या दिवशीं रजा घेऊं द्या, आणि सकाळचा खेळ पाहा. मुंबईपर्यंत येण्याचा हट्ट प्रत्येक वेळीं नको. ठाण्यांतच वरच्या पांच प्रश्नांचीं उत्तरें जेथें चांगलीं मिळतील तेथें जा. तिकीट दीडशें रुपयांचें मिळालें तर पांचांचे साडेसातशें होतात, आणि हजारांतून अडीचशें शिल्लक राहतात. यजमानांना गर्दी लागणार नाहीं. ती शिल्लक वर्षभर सांठवली कीं मुलांच्या मोठ्या पडद्याच्या खर्चास चांगलाच हातभार लागेल.

सासूबाई पहिल्यानें नको म्हणतील. एकदां नको म्हटलें म्हणून ऐकूं नका. त्यांचा नकार चित्रपटास आहे कीं आपल्या गैरसोयीस आहे, हें तिकीट काढण्यापूर्वीं शांतपणें विचारून घ्या. आम्हीं तें विचारावयास काहीं वर्षें लावलीं. आमच्या मातुःश्री आतां बुधवार आला कीं सकाळच्या खेळाची चौकशी स्वतःच करतात, आणि गेल्या खेपेस त्यांनीं खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचेंही तिकीट काढावयास लावलें. त्या बाईंस चित्रगृहांत पाऊल ठेवून नऊ वर्षें झालीं होतीं. त्यांच्याही घरीं हिशेब बसत नव्हता.