हिरव्या पोपटाला अचानक पिवळी पिसं का येतात?

पुलगाव असो की पुणे, पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटाला पिवळी पिसं आली की लगेच फोटो स्टेटसवर जातो. 'दुर्मिळ पोपट' म्हणून कौतुक होतं. पण ती आजाराची खूणही असू शकते.

फ्लेमिंगोचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो. पोपटाचं तसं नाही. त्याच्या पिसातला पिवळा रंग शरीरच तयार करतं. निळा रंग मात्र मेलॅनिन आणि पिसाची सूक्ष्म रचना यांमुळे दिसतो. निळा आणि पिवळा मिळून हिरवा. निळ्याची बाजू बिघडली, की उरतो पिवळा.

मग खाण्याचा संबंध काय? वर्षानुवर्षं फक्त सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे दिले, तर चरबी वाढते, 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतावर ताण येतो. नवी पिसं नीट तयार होत नाहीत. विषाणू किंवा जनुकीय बदल हीदेखील कारणं असू शकतात, त्यामुळे तपासणी हवीच. आहार सुधारला तरी फरक दिसतो तो जुनी पिसं गळून नवी आल्यावर.

खरी अडचण पुढे आहे. देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. म्हणून अनेक जण डॉक्टरकडे जायलाच घाबरतात आणि पक्षी झुरत राहतो. त्याला तसाच उडवूनही देऊ नका, बाहेर तो टिकणार नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

आपण ज्यांना 'लव्हबर्ड' म्हणतो ते ऑस्ट्रेलियन बजरीगर पाळता येतात. पण त्यांनाही नुसतं राळं पुरत नाही. पालक, गाजर, मेथी द्या.